मोर्च्यातली खरी बेडी

चामोर्शीतला तो मोर्चा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी कोल्हापूरकडचा, नववीत शाळा सुटलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि याच जंगलभागात फौजदार होऊन निवृत्त झालो. खात्यानं पदरात घेतलं, ते उपकार विसरत नाही.

आणीबाणीच्या निषेधाचा मोर्चा तिथं दरवर्षी जूनमध्ये निघे. पोरं थर्माकोलच्या बेड्या घालून कैदी होत, घोषणा देत, तहसीलवर निवेदन देऊन पांगत. त्या दिवशी चौकातून आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, एका म्हाताऱ्याच्या हातात खरी बेडी हाये. पोलिसाची."

मोर्चा संपू दिला आणि त्या म्हाताऱ्याला, गावात सगळे भाऊ म्हणत त्यांना, चहाला म्हणून ठाण्यात आणलं. धान पिकवणारे शेतकरी, सत्तरीचे, आणीबाणीत जेल भोगून आलेले. बेडी मनगटाला सुतळीनं बांधलेली. तिच्यावर छाप 'चांदा पोलीस'. म्हणजे चंद्रपूरला चांदा म्हणत तेव्हाची. आमचे ठाणेदार तरुण, नियमाचे पक्के. म्हणाले, "सरकारी माल आहे. कुठून आणला ते सांगत नसतील तर चोरीचा गुन्हा दाखल करा."

मी विचारलं, "भाऊ, ही कुठून आणली?"

"घरी होती."

"घरी कुठून आली?"

"तुमी चहा म्हणत होते ना साहेब, थो कुठी हाये?"

चहा आला. भाऊ बशीत ओतून सावकाश पीत राहिले. या वयात त्यांना कोर्टाच्या तारखा लागणार, म्हणून जीव माझाच खालीवर होत होता. स्वतःसाठी घाबरलेला माणूस सारखा दाराकडं बघतो. भाऊ निवांत होते. मग मी बेडी उलटसुलट पाहिली. कानशीचा ओरखडा नाही, कुठं वाकलेली नाही. पळालेला कैदी बेडी तोडतो. ही किल्लीनं उघडलेली होती.

"भाऊ, किल्ली पोलिसाकडं असते. कुण्या पोलिसानं काढली?"

भाऊंनी बशी खाली ठेवली. हळूच म्हणाले, "त्याची पेन्शन त बंद नाई होईन ना?"

मग सगळं निघालं. पावसाळ्यात अटक झाली होती. जिल्ह्याच्या जेलला, चंद्रपूरला न्यायचं तर वैनगंगा डोंग्यानं ओलांडायची, आणि नदीला पूर. हवालदारानं काठावरच बेडी काढली. "डोंगा उलटला त हात मोकळे पाह्यजे तुले, म्हणे."

"मग तुम्ही पळाला नाहीत?"

"त्याले पोहता येत नव्हतं साहेब. मले येत होतं. त्याले सोडून कसा पळू?"

हवालदाराच्या खांद्यावर बंदूक, जवळ पिशवी नाही, म्हणून बेडी भाऊंच्या पिशवीत पडली. जेलच्या फाटकावरून त्यांच्या धाकट्या भावानं पिशवी घरी नेली, कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

"मग परत का नाही दिली?"

"इचारतीन ना, काढली कोणं? आता कोण इचारते, म्हणून आज घातली."

ठाणेदार दारात उभे राहून ऐकत होते. "मिळालेला सरकारी माल जमा, एवढीच नोंद घ्या," म्हणाले आणि आत गेले.

निघताना भाऊंनी पुन्हा पेन्शनचं विचारलं. तो हवालदार हयात आहे की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, "चालूच राहील, भाऊ."

नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. तोवर नद्यांवर पूल झाले होते. तरी आरोपीला बेडी घालण्याआधी, वाटेत नदी लागते का, हे मी विचारून घेत असे.