बुटाच्या डब्यात मावेल तेच

प्रताप नगरातल्या श्रीकृपा हाइट्समध्ये एकही ख्रिस्ती कुटुंब राहत नाही, आणि नाताळ मात्र तिथल्याइतक्या थाटात आजूबाजूला कुठे होत नाही. गणपतीत लावलेल्या लाइटच्या माळा नवरात्रात गरब्याला लागतात, दिवाळीत गच्चीवर चढतात आणि डिसेंबरात कुंडीतल्या ख्रिसमस ट्रीवर उतरतात. मांडव तोच, सतरंज्या त्याच, माइक न सोडणारे हातही तेच. फक्त प्रसादाच्या जागी केक येतो. तोही बिनअंड्याचा, कारण त्या दिवशी कोणा ना कोणाचा काही ना काही वार असतोच.

या खेळातला रंगतदार अंक भेटवाटपाचा. आईबापांनी आपल्या लेकराची भेट रंगीत कागदात गुंडाळायची, वर नाव लिहायचं आणि काही दिवस आधी सांस्कृतिक समितीच्या रितिकावहिनींच्या घरी गुपचूप पोचवायची. कार्यक्रमात सांताक्लॉज एकेक नाव पुकारतो, लेकरू स्टेजवर येतं आणि तिथेच, साऱ्या सोसायटीसमोर, कागद फाडतं. भेट सांताने दिली असं लेकरांना वाटावं आणि खरी कोणी दिली ते मोठ्यांना कळावं, अशी ही सोय.

दुर्गेशला या सोयीचा धसका बसला होता.

दुर्गेश शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग सांभाळतो. आयुष्य ट्रकमध्ये माल बसवण्यात गेलं, त्यामुळे समोर आलेली कोणतीही वस्तू किती जागा खाईल हे तो आधी बघतो. लग्नाला गेला तर म्हणे नवरीकडे बघण्याआधी कपाट आणि दिवाण कोणत्या गाडीत जाईल याचा अंदाज घेतो. हे त्याची बायको मिनल सांगते, आणि ती त्याच्याच लग्नातली नवरी होती.

मागच्या नाताळात रितिकावहिनींच्या नूपुरला घराएवढा तंबू मिळाला होता, खिडक्या आणि पडदे असलेला. कोणाच्या मुलाची बॅटरीवरची जीप लिफ्टमध्ये शिरेना म्हणून चार जणांनी जिन्याने चढवली. दुर्गेशनेही दम खाऊन हिमानीसाठी तिच्या खांद्याइतका उंच स्वयंपाकाचा सेट आणला. आठ वर्षांची पोरगी स्टेजवर गेली, अर्धा कागद फाडला आणि आत काय आहे ते न बघताच मान वळवून म्हणाली, "नूपुरला काय मिळालं?"

बोराची आठळी घशात अडकावी तसा तो प्रश्न दुर्गेशच्या घशात वर्षभर अडकून राहिला. आपल्या पोरीला स्वतःची वस्तू आधी दिसली पाहिजे, मग दुसऱ्याची. एवढंच त्याला हवं होतं. सेटची एक शेगडी संक्रांतीच्या आत मोडली, पण त्याचं त्याला काही नव्हतं.

म्हणून या नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला. इतकी वर्षं तो मागच्या खुर्चीवर बसून पाणीपट्टीच्या ठरावाला हात वर करत आलेला माणूस. त्याला उभं बघून सेक्रेटरींना वाटलं, निघाला.

"माझं एक म्हणणं आहे," दुर्गेश म्हणाला. "यंदा भेट बुटाच्या डब्यात मावली पाहिजे. नाही मावली, तर सांताच्या झोळीत नाही जाणार."

अशा टाळ्या पडल्या की जुन्या नटाला हेवा वाटावा. जीपवाले बाबा तर उभे राहून वाजवत होते. रितिकावहिनींनी माइक घेतला. "किती सुंदर विचार, दुर्गेशभाऊ. साधेपणा. यालाच संस्कार म्हणतात." ठराव एकमताने पास झाला. दुर्गेश घरी आला तो फेटा बांधल्यासारखा.

त्याचा हिशेब त्याच्या धंद्यातला होता. गोदामात मोठा नग आला की भाडं वाढतं, मग आत गाद्या असोत की कुरमुरे. लहान नग म्हणजे थोडक्यात काम. जगही असंच चालत असणार, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

चार दिवसांनी मिनल मेथी निवडत बसली होती. जुडी संपली. मग म्हणाली, "अहो, बुटाच्या डब्यात काय काय मावते, याचा विचार केला होता का तुम्ही?"

"काय मावते?"

"सोनं मावते."

दुर्गेशने पेपर खाली ठेवला.

"मोबाइल मावते," मिनल पुढे म्हणाली. "हातातलं ते बोलणारं घड्याळ मावते. तिसऱ्या मजल्यावरची तर पोराच्या डब्यात नुसती चावी टाकून राहिली. सायकल खाली उभी राहीन, रिबिन लावून. चावी मावते ना डब्यात."

"पण हे तर नियमाले धरून नाही झालं."

"काहून? नियम तुम्ही डब्याचा केला. डब्यातल्याचा कुठं केला?"

दुर्गेशने पेपरची घडी घातली. मोठा माल रोखायला त्याने दार अरुंद केलं होतं आणि आता त्याच दारातून बारीक, वजनदार, लकलकतं काहीतरी रांगेने आत शिरत होतं.

"मग आपण काय करू?" त्याने विचारलं.

"घड्याळ घेऊ. साधं घेऊ, पण घेऊ."

"मीच नियम सांगितला आणि मीच..."

"तुमचं काय जाते जी? तुम्ही मागच्या खुर्चीवर बसून राहता. तिले स्टेजवर सगळ्यांपुढं उघडावं लागते. पोट्टे हासले तर तिच्यावर हासतीन, तुमच्यावर नाही."

हे खरं होतं, म्हणूनच लागलं. दुर्गेशने दोन रात्री कूस बदलली. तिसऱ्या दिवशी कामावरून सुटून तो जुन्या महाल भागात गेला. एका बोळात रबरी शिक्के बनवणारा म्हातारा बसतो, त्याच्यासमोर उभा राहिला.

"फर्मचं नाव सांगा," म्हातारा म्हणाला.

"हिमानी."

"हिमानी काय? ट्रेडर्स, एंटरप्रायजेस?"

"नुसतं हिमानी."

"प्रोप्रायटर?"

"तीच."

म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघितलं. "खाली पत्ता, फोन काहीच नाही? मग उधारी वसूल कशी करणार?"

"शाळेत आहे जी अजून ती," दुर्गेश म्हणाला.

शिक्का छान झाला. लाकडी मूठ, भोवती नक्षीची किनार, मध्ये ठसठशीत हिमानी, आणि सोबत जांभळ्या शाईचं पॅड. पोरगी लहानपणापासून गोदामात आली की बापाच्या टेबलावरच्या शिक्क्याकडे टक लावून बघायची, हे दुर्गेशला ठाऊक होतं. मिनलने डबा बघितला आणि म्हणाली, "तुमची मर्जी." नवऱ्याला या दोन शब्दांचं भाषांतर लागत नाही.

डबा पोचवायला तो रितिकावहिनींकडे गेला. त्यांनी तो हातात घेतला, किंचित उचलून बघितला आणि कानाशी नेऊन हलवला. त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

"किती हलका आहे हो, भाऊ."

"हो जी. छोटंसंच आहे."

"छोटंसंच," रितिकावहिनी हळूच म्हणाल्या, आणि हसल्या. दुर्गेशला त्या हसण्याचा अर्थ कळला नाही. आता सोसायटीत हलकं म्हणजेच भारी होतं, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. संध्याकाळपर्यंत बातमी लिफ्टने वरखाली झाली. नियम करणाऱ्यानेच पोरीला हिऱ्याचं काहीतरी घेतलं. काही घरांतून डबे परत मागवले गेले आणि दुसऱ्या दिवशी आणखी हलके होऊन आले.

पंचवीस तारखेला मांडव भरला. सांता होते मधुसूदनजी, बँकेतून निवृत्त झालेले, तरुणपणी कामगारांच्या नाट्यस्पर्धा गाजवलेले गृहस्थ. भाड्याची दाढी त्यांनी नाकारली. कापूस घरी पिंजला आणि गोंदाने एकेक पापुद्रा गालावर चढवला. दाढी खाजते, घाम उतरतो, ओठात कापूस जातो, तरी नट त्या दाढीआडून हसतो. पुढच्या रांगेतल्या लेकराच्या तोंडाचा चंबू झालेला दिसला की खाज विसरायला होते. मधुसूदनजी ती विद्या विसरले नव्हते. त्यांची एंट्री जोरात झाली.

स्टेजवर एका मापाचे डबे रचलेले होते. चपलांचं दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. नावं निघू लागली. घड्याळ निघालं, टाळ्या. चावी निघाली आणि त्याच क्षणी सायकल आत ढकलली गेली, जास्त टाळ्या. नूपुरच्या डब्यात टॅब होता. टाळ्या थांबेनात. "वरचं प्लास्टिक काढू नको हं, बेटा," रितिकावहिनी माइक बाजूला धरून म्हणाल्या.

"हिमानी," सांता गरजला.

मांडव पुढे झुकला. मागे उभे असलेले चवड्यांवर आले. हिमानीने कागद फाडला, झाकण उघडलं आणि शिक्का वर काढला. कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळ्यांनाच वाटलं की खरी भेट अजून खाली आहे. तिने पॅड काढलं. मग डबा रिकामा झाला.

"ये क्या है?" खालून एक पोरगा म्हणाला, आणि दोघं तिघं हसले.

"वा," रितिकावहिनी म्हणाल्या. "किती... उपयोगी."

मिनल हातातल्या बांगड्या मोजल्यासारखी फिरवत होती. दुर्गेशला वाटलं, उठावं, पोरीला उचलावं आणि उद्याच्या उद्या दोन घड्याळं आणावीत. स्टेजवर हिमानी शिक्का उलटा करून अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होती. ती एवढा वेळ थांबली की मधुसूदनजींनी दाढी सावरत तिला हळूच विंगेकडे वळवलं. चेहरा कोरा. बापाला त्यातून काही उमजेना.

पावभाजी लागली तसा मांडव तिकडे वळला. आयांनी भेटी गोळा केल्या. "दे इकडे, हरवेल." "हात चिकट आहेत, नको लावू." वस्तू पुन्हा डब्यात, डबे खुर्च्यांखाली. लेकरं मोकळ्या हातांनी उभी राहिली, आणि बघता बघता ख्रिसमस ट्रीमागे त्यांची रांग लागली. शेवटी हिमानी पाय पसरून बसली होती आणि धपाधप शिक्के मारत होती. दुर्गेशने लांबून बघितलं. हातांवर मारून घेत असतील पोरं, म्हणून त्याने समाधानाने दुसरा पाव घेतला.

सकाळी बेल वाजली. दारात रितिकावहिनी, बाजूला नूपुर, आणि वहिनींच्या हातात टॅबचा खोका. खोक्यावर तीन बाजूंनी जांभळ्या शाईत हिमानी, हिमानी, हिमानी.

"भाऊ, हे बघा."

मिनलने डोक्याला हात लावला. "बाप्पा. हिमानी, इकडे ये वं. वहिनी, बसा तुम्ही. आतल्याले तर काही झालं नाही ना? खोक्यालेच लागलं ना?"

"खोकाच तर..." रितिकावहिनी म्हणाल्या आणि थांबल्या.

हिमानी आली. पुढची कडक सूचना यायच्या आत नूपुर बोलली. "काका, तिला नका रागावू. मीच म्हटलं मार म्हणून. आता दुकानवाले वापस नाही घेत ना?"

रितिकावहिनींनी खोका चटकन मागे घेतला.

"वापस?" मिनल म्हणाली.

"तंबू गेला ना मागच्या वेळी. मम्मी म्हणाली सांताने शिवायला नेला. जीप पण गेली. हिमानी म्हणाली, तिच्या बाबांच्या ऑफिसमध्ये शिक्का पडला की माल पक्का होतो. मग सगळ्यांनी खुर्च्यांखालून खोके काढून त्यांच्यावर मारून घेतले."

दुर्गेश सोफ्यावर बसला. वर्षभर ज्या तंबूने त्याची झोप घालवली तो एका प्रयोगापुरता आणलेला होता. नाटकात त्याला प्रॉपर्टी म्हणतात. पडदा पडला की तलवार पेटीत आणि मुकुट भाड्याने देणाऱ्याकडे. फरक इतकाच की नटाला मुकुट खोटा आहे हे आधीपासून माहीत असतं. इथे एकट्या दुर्गेशने खरा मुकुट विकत घेतला होता, आणि तोही खांद्याइतका उंच.

हसायची याहून चांगली वेळ त्याला आयुष्यात मिळाली नसती. तो हसला नाही. "खोका खराब झाला, चूक झाली जी," तो म्हणाला. "चहा घ्या."

रितिकावहिनींनी चहा घेतला. दोन घोट झाल्यावर त्यांचा माइकवरचा आवाज गेला आणि साधा आवाज आला. "करावं लागतं हो, भाऊ. समितीवालीच्याच पोरीला कमी, असं नको व्हायला. मी आधी रंगपेटी ठेवली होती. मग तुमचा डबा हातात घेतला. इतका हलका लागला. म्हटलं, हा माणूस आपल्याला बसवणार खाली."

"रंगपेटी कुठं आहे?" नूपुरने विचारलं.

"कपाटात."

"ती दे ना मग."

"दोन्ही ठेवणारच होतो आम्ही," रितिकावहिनी मिनलकडे बघून म्हणाल्या.

"हो ना," मिनल म्हणाली. "लेकराचं वापस कोण नेते वं."

वहिनी गेल्या. दुपारपर्यंत आणखी दोन घरांतून खोके आले, आणि मिनलने दोन्ही वेळा चहा केला, तेच वाक्य म्हटलं, चेहरा तसाच ठेवून. दुर्गेशला ती अशी नट आहे हे लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी हिमानी दाराशी येऊन उभी राहिली. बोटं जांभळी, कपाळावरही एक ठसा. दुर्गेशने सावरून घेतलं. आता नूपुरच्या टॅबचा विषय निघणार.

"बाबा, जांभळा काहून आणला? मले लाल पाहिजे होता."

"लाल?"

"जांभळा नाही आवडत मले. आणि किनार एका बाजूनं कमी उठून राहिली. हे पाहा." तिने तळहात पुढे केला, कुरकुर चालूच ठेवली, शिक्का तिरपा आहे, मूठ मोठी आहे, त्या म्हाताऱ्याले सांगा नीट करून दे म्हणून. सगळं त्या शिक्क्याबद्दल. दुर्गेश तिचा तळहात धरून ऐकत बसला, आणि मधूनच म्हणाला, "हो वं, कमीच उठून राहिली." मिनल आतून म्हणाली, "आता लाल पॅड आणायले पळू नका लगेच."

तोवर त्याने गाडीची चावी खिशात टाकलेली होती.