रुक्माबाईच्या लेकीचं औषध

चोपड्याच्या रुक्माबाईने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला आणि एकुलत्या एका पोरीला, प्रज्ञाला, जळगावच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवलं. आता म्हातारी चुलीवर दूध ठेवून विसरायची, शेजारणींची नावं विसरायची. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. प्रज्ञाचं काम नेमकं त्याच आजारावर होतं. सातपुड्यातल्या मालकांगणीच्या बियांचा अर्क मेंदूच्या पेशी वाचवतो का, ते ती तपासायची. काचेच्या ताटलीत पेशी जरा जास्त तगत होत्या. पण तिथून माणसापर्यंतची वाट केवढी लांब, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईला कुठलं ठाऊक असायला! बाकी सगळं सांडलेल्या त्या बाईने एवढं एकच घट्ट धरून ठेवलं होतं, की पोरगी आपल्यासाठी औषध काढतेय.

धुळ्याला भाचीच्या लग्नात तर तिने कहरच केला. पंगतीत जो भेटेल त्याला सांगत सुटली, "मन्ही पोरनी औषध काढं. मी बठ्ठी बरी हुई गऊ!" प्रज्ञाने ते हसण्यावारी नेलं. चारचौघांत आईला खोटं कसं पाडायचं?

पण बुडत्याला काडीचा आधार. पुढच्याच रविवारी, पंगतीत ते ऐकलेले धुळ्याकडचे तोताराम आबा बायकोला, कुंदाबाईला, घेऊन दारात हजर.

"पोरी, हिले मन्हं नाव बी याद नही. तू औषध दे. गुण नही उना तरी चाली."

क्षणभर प्रज्ञाच्या मनात आलं, द्यावं कसलं तरी चूर्ण बांधून. मग तिने हात जोडले. "आबा, हा आजार बरा करणारं औषध अजून कुणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही."

मागे रुक्माबाई उभी होती. तिला सगळं कळलं, आणि नको तेव्हा कळलं.

"मंग मन्हं काय, माय?"

 आईला पोटाशी धरून प्रज्ञा ढसाढसा रडली. 

चहा झाला. कपबशी हातात घेऊन रुक्माबाईने पाहुण्यांकडे नव्याने पाहिलं. "कोनता गावना भाऊ तुम्ही? काळजी करू नका. मन्ही पोरनी औषध काढं शे."

प्रज्ञाचा जीव भांड्यात पडला. ज्या आजाराशी भांडण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्याचेच आज उपकार वाटले, आणि त्या वाटण्याची तिला भयंकर लाज वाटली.

तोताराम आबांनी बायकोच्या तोंडाला लागलेला चहा पुसला.

"हा अक्का," ते म्हणाले, "तेच औषध लेवाले उनू मी."