तपासणीच्या खोलीत आई

सासूबाईंना घेऊन मी कॅनडाला निघाले तेव्हा माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघीच कुठे गेलो असू तर डोंबिवलीच्या बाजारात, नाहीतर ठाण्याला कुणाच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. नणंदेला दुसरी मुलगी झाली होती. नवऱ्याला रजा मिळेना आणि आईंना एकटं पाठवायचा आमचा धीर होईना. मी शाळेत शिकवते, मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून मीच बरोबर गेले.

युरोपात एका ठिकाणी विमान बदलायचं होतं. हातात दोन तास होते. मला वाटलेलं, सामान थेट पुढे जाणार, आपण फक्त एका गेटवरून दुसऱ्या गेटवर चालत जायचं. पण उतरल्यावर सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं.

"मुंबईत झाली की तपासणी," आई म्हणाल्या.

"इथे परत करतात, आई. बॅग ट्रेमध्ये ठेवायची, शाल पण काढायची."

"शाल कशाला?"

त्यांचा आवाज मला जरा वेगळा लागला, पण त्या दमल्या असतील असं समजून मी शाल घेतली आणि ट्रेमध्ये टाकली. प्रवासासाठी म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता. शाल गेल्यावर ओढणीही काढायला लावली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले.

मुंबईत पडद्याआड एका बाईने नुसतं हातातलं यंत्र फिरवलं होतं, ते काही वाजलं नव्हतं. इथे काचेच्या उभ्या पेटीत जाऊन हात वर करायचे होते. मी आधी गेले, सुटले. आई आल्या. बाजूच्या पडद्यावर माणसाची साधी आकृती असते, तिच्या छातीवर डाव्या बाजूला पिवळा चौकोन उमटला.

गणवेशातली एक बाई पुढे आली. माझ्याहून वयाने मोठी असावी, केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने त्या जागी हात लावण्याआधी इंग्रजीत विचारलं, आत काही आहे का? आई मला म्हणाल्या, "हिला सांग, काही नाही." बाईने हलकेच हात लावला आणि थांबली. मग मला म्हणाली, पलीकडे बंद खोली आहे, तिथे जाऊ या, तुम्ही बरोबर येणार का?

मी आईंना विचारलं. त्या खाली बघत होत्या. "ये," म्हणाल्या.

सात वर्षांपूर्वी आईंचा डावा स्तन काढला होता. आमच्या घरात याला 'ते ऑपरेशन' म्हणायचे. ठाण्याच्या हॉस्पिटलातून त्या घरी आल्या तेव्हा पट्टी बदलायला नर्स यायची, आणि ती आली की मी स्वयंपाकघरात जायचे. त्यांना संकोच वाटू नये म्हणून जाते, असं मी स्वतःला सांगायचे. पुढे त्या पूर्वीसारख्याच दिसायला लागल्या. हॉस्पिटलात काहीतरी मिळालं असेल, असं धरून चालले. विचारलं कधीच नाही.

खोली लहान होती, दोन खुर्च्या आणि एक टेबल. आणखी एक तरुण बाई दाराशी उभी राहिली. मला इंग्रजीत सांगायचं होतं, आणि जो शब्द घरात मराठीतही कधी उच्चारला नव्हता तो मी त्या दोघींसमोर उच्चारला. मोठ्या बाईने मान हलवली. तिच्या नोकरीत हे नवीन नसावं. म्हणाली, ठीक आहे, पण आतली वस्तू मला बघावी लागेल.

आईंनी पाठ फिरवून कुर्ता काढला. खांद्यावरून मला म्हणाल्या, "हुक काढ मागचे."

मी काढले. त्यांनी आतून एक पिशवी काढली आणि न वळताच हात मागे केला. ती मी घेतली. मऊ, धुऊन धुऊन पातळ झालेल्या सुती कापडाची, बारीक टाक्यांची, गोलसर. जड होती आणि अंगाच्या उबेने गरम. आत काहीतरी सरसरलं.

"काय आहे यात, आई?"

"मोहरी."

मला एकदम आमची गॅलरी आठवली. आईंनी ताटात मोहरी उन्हात ठेवलेली, मी ती उचलून फोडणीच्या डब्यात ओतायला गेले आणि त्या किती जोरात ओरडल्या होत्या, "ती नको, जुनी आहे ती!" दर पंधरा दिवसांनी ताट बाहेर असायचं. मला वाटायचं, आईंना एक खूळ आहे.

मी बाईला सांगितलं. तिला आधी कळलं नाही. मग कळलं आणि तिने दोन्ही हात पुढे करून पिशवी घेतली. कागदाची पट्टी तिच्यावरून फिरवून स्फोटकं तपासायच्या यंत्रात घातली, मग तरुण बाईला पिशवी एका ट्रेमध्ये वेगळी ठेवून एक्सरेतून काढून आणायला सांगितलं. ट्रेवर तिने स्वतःचा रुमाल झाकला. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पाच मिनिटं लागली असतील. आई तशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पाठ उघडी, खांद्याची हाडं वर आलेली. शाल बाहेर ट्रेमध्ये राहिली होती. मी माझं स्वेटर काढून त्यांच्या पाठीवर टाकलं आणि तिथेच हात ठेवून उभी राहिले.

"विमान जाईल का गं?"

"नाही जात."

"माझ्यामुळे तुला हे सगळं."

"आई, गप्प बसा ना."

पिशवी परत आली. बाईने टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि आईंकडे बोट दाखवून विचारलं, यांनी शिवली? आईंना तेवढं समजलं. मान वळवून म्हणाल्या, "येस. मी." ठाकुर्लीच्या चाळीत असताना त्या सगळ्या आळीचे ब्लाऊज शिवायच्या. बाई हसली, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि दोघी बाहेर जाऊन थांबल्या. हुक मीच लावले.

गेटवर पोचलो तेव्हा अजून अर्धा तास होता. आई पाणी प्यायल्या. मी विचारलं, "हॉस्पिटलातून आणलेलं नव्हतं का?"

"होतं ना. रबरासारखं. आपल्याकडच्या उकाड्यात त्याखाली पुरळ उठायचं. मोहरी बरी, वारा जातो, वजनही बरोबर बसतं. आधी तांदूळ घातले होते, त्यांना पोरकिडे झाले." आणि त्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस," म्हणाल्या. रागाने नाही. "मला वाटलं, तुला किळस येत असेल. नर्स आली की उठून जायचीस."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून जायचे."

"हो का?" त्या माझ्याकडे वळल्या. "मला वाटायचं, एखाद्या दिवशी ही थांबेल."

त्यांनी माझं स्वेटर अजून अंगावरून काढलं नव्हतं, त्याच्याच बाहीने त्यांनी माझे डोळे पुसले, आणि मग आमचं गेट उघडलं.

कॅनडात चौथ्या दिवशी, बाळाला मांडीवर घेऊन तेल लावता लावता, त्यांनी लेकीलाही सगळं सांगितलं. नणंदेने तिकडचं चांगलं, हलकं असं काहीतरी आणून दिलं. आईंनी दोन दिवस वापरून बघितलं आणि नीट रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवलं. "थंडीत वापरीन," म्हणाल्या. डोंबिवलीत थंडी कधी पडते ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

परतताना त्याच विमानतळावर रांगेत उभ्या असताना त्यांनी मला हळूच विचारलं, "तुझी तपासणी केलीस का कधी? छातीची?"

"नाही."

"चाळिशी कधीच उलटली तुझी."

"करीन."

"करीन नाही. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात."

आणि खरंच, जेट लॅग उतरायच्या आत त्या मला रिक्षात घालून घेऊन गेल्या. ज्या खोलीत मशीन होतं तिच्या दाराशी त्या तिथल्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, ती मशीनची प्लेट फार गार असते, जरा हात फिरवून मग लाव." मुलीने लावली. मला दुखलं, पण फार नाही. बाहेर आले तर आई बाकड्यावर माझी पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेल्या, डोळे दारावर.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. चांगला होता. आईंनी चष्मा लावून इंग्रजी अक्षरं एक एक करत तो सगळा वाचला, मग म्हणाल्या, "चल, आता चहा टाक, आलं घालून."