बंद केलेला बाल्कांव

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही धड नाही, एक ओळ वर जाते, एक खाली... कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. यशोदावन्सं गेल्या त्याला दीड महिना झाला. त्या सकाळी मी परसात भांडी घासत होते. "अगो, ताय उलयना," एवढंच ह्यांनी मागच्या दारातून सांगितलं. माझ्या मनात आलं, बोलत नाहीत त्यात नवीन काय, गेली चार-पाच वर्षं त्या फारशा बोलतातच कुठे? आणि मग कळलं, तेव्हा हातातलं भांडं तसंच टाकून आत धावले.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी, डिचोलीजवळच्या आमच्या घरी परतलेल्या. घरापुढे बाल्कांव होता, तिन्ही बाजूंनी उघडा, बसायला दोन्हीकडे सिमेंटचा कट्टा, आणि समोर लगेच रस्ता. जेवणं उरकली की वन्सं अबोलीची परडी आणि केळीचा ओला दोरा घेऊन तिथे बसायच्या आणि फाती गुंफायच्या. आमच्याकडे वेणीला फाती म्हणतात. स्वतः कधी माळली नाही, पण त्यांच्या फातीसाठी बायका बाजारातून वाट वाकडी करून येत. येणारा टेकायचा, बोलायचा, आणि वन्संची बोटं त्या बोलण्याबरोबर पळायची. खाणीच्या ट्रकवरचा सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर गाडी हळू करून ओरडायचा, "मावशे, एक चांगली ठेव, शनिवारी घराक जातंय!" वन्सं म्हणायच्या, "बायलेक की आणि कोणाक रे?" कोकणी की मराठी ह्यावरून गावात वाद पेटला होता, तेव्हा दोन शेजारी त्याच कट्ट्यावर हातघाईवर आले. वन्संनी मान वर न करता सांगितलं, "झगडा, झगडा. पूण झगडतात खंयच्या भाशेन, तें तरी आयकात!" दोघंही हसत खाली बसले.

मी चोपड्याची. मागच्या दाराला नदी, पुढे माड, दिवसात एखादं माणूस दिसलं तर दिसलं. तसंच माझं मन घडलं. लग्न होऊन आले तर दारात सदा गर्दी. पाणी घेऊन बाहेर जायचं तरी नको वाटायचं. मी दाराआडून तांब्या पुढे करायचे. वन्सं हसून म्हणायच्या, "आमच्या वयनीचो हात तेवढो बगलो आसा लोकांनी."

आमचं वेगळं राज्य झालं त्या वर्षी खाणीचे ट्रक फार वाढले. लाल धूळ कट्ट्यावर, परडीत, वन्संच्या केसांत. त्यांना खोकला होताच. मी ह्यांच्या मागे लागले की बाल्कांव बंद करून घेऊ. सोसायटीचं कर्ज काढलं आणि चतुर्थीच्या आधी लोखंडी चौकटीत धुरकट काचा बसल्या. सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. पण आज खरं लिहिते... धूळ होतीच, तरी मला ती माणसंही नको होती.

पहिले काही दिवस वन्सं आत पंख्याखाली परडी घेऊन बसल्या. काचेतून रस्त्यावरची माणसं सावल्यांसारखी दिसत, कोण ते कळत नसे. फाती सैल होऊ लागली, फुलं गळू लागली. "वयनी, ह्या काचेकडेन किदें उलोवं गो?" असं म्हणाल्या. मग बाहेरच्या पायरीवर बसून पाहिलं. पण पायरीवर बसलेल्या बाईपाशी कोणी थांबत नाही, येणाऱ्याला टेकायला जागा लागते. हळूहळू परडी खुंटीला गेली. खोकला कमी झाला, हे खरं. पण जी बाई दोघांचं भांडण एका वाक्यात मिटवायची, ती मीठ कमी पडलं म्हणून चिडू लागली, आणि पुढे चिडेनाशीही झाली. भिंतीकडे तोंड करून दुपारभर पडून राहायच्या. मी समजले, वय झालं.

गेल्या वर्षी एकदाच त्यांनी मागितलं. मी तांदूळ निवडत होते. जवळ येऊन म्हणाल्या, "वयनी, माका परत भायर बसय गो. धुळीन हांव मरचें ना."

मी म्हटलं, "वन्सं, कर्ज फिटूं दे. अजून हप्ते चालू आहेत आणि काचा तोडल्या, तर लोक काय म्हणतील?"

"बरें," म्हणाल्या. माझ्यासमोर बसून त्यांनीही थोडे तांदूळ निवडले. पुन्हा कधी विषय काढला नाही. मला हायसं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

आता दुपारी मीच तिथे बसते. आत सगळं स्वच्छ असतं, बोटाला धूळ लागत नाही. बाहेर कोणीतरी चालत जातं, क्षणभर थांबल्यासारखं वाटतं, आणि पुढे जातं. ओळखीचं होतं का, कळत नाही.

सोमवारी मी एकटी सोसायटीत गेले आणि शेवटचा हप्ता भरला. कारकुनाने वहीवर शिक्का मारला आणि म्हणाला, "वयनी, सुटलात." कर्ज पूर्ण फिटलं. आता त्या काचा काढल्या, तर कोणी काही म्हणणार नाही.