दहावा पाळणा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात समोरच्या दोन खोल्या भाड्याने गेल्या, तेव्हा टेम्पोतून आधी गाद्या उतरल्या, मग भांडी आणि मग मुलं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मुलं मोजत सातपर्यंत आले आणि वाटलं, आपण कुणाला तरी दोनदा मोजतोय. नऊ होती. थोरली मुलगी सोळाची असावी, धाकटा आईच्या कडेवर. बाप ट्रकवर ड्रायव्हर, सोलापूर-हैदराबाद फेऱ्या करणारा. मंडळी सांगोल्याकडची.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. लोकसंख्येचा धडा मी इतकी वर्षं शिकवला होता की पुस्तक न उघडता फळ्यावर आलेख काढत असे. आम्हाला एकच मुलगा, तोही विचार करून. त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, समोर अख्खी तुकडी आलीय, हजेरीपट लागेल. नवरा कोर्टात क्लार्क. तो म्हणाला, घरातच न्यायाधीश असताना मी रोज कोर्टात कशाला जातो कुणास ठाऊक.

निकाल मी दिलेलाच होता, फक्त कारण शोधत होते. मुलगा हवा म्हणून मुलींची रांग लागली असेल असं आधी वाटलं, पण दुसरा आणि तिसरा मुलगेच होते. मग म्हटलं, शिकलेली नसेल. तर ती बारावी पास निघाली आणि पोरांची गणितं भाकरी थापता थापता तपासायची. राहिली सासू. पण पाचव्यानंतर सासूनेच रागावून येणं सोडलं होतं, असं कळलं. माझ्याकडची कारणं तिथे संपली. तरी निकाल काही बदलला नाही.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी यायच्या दिवशी अख्ख्या बोळात आरडाओरडा असतो. आमच्या घरात तर आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर धावून जायचो. समोर मात्र पाणी आलं की सगळे न बोलता आपापल्या जागी उभे राहत. थोरली नळाशी, दोघं कळश्या वाहायला, एक पिंपाशी, एक ओटा पुसायला. लहानांना ओळीने उकिडवं बसवून आंघोळी चालत. पाच वर्षांच्या मुलीचं काम झाकणं लावण्याचं. दीड तासात अकरा माणसांचं पाणी भरून, धुणं होऊन, दोरीवर चढत्या मापाने कपडे लागलेले असत. मी चहा गार होईपर्यंत बघत राहायचे. साठ मुलांचा वर्ग शांत ठेवायला मला छडी नाही तरी आवाज लागायचाच. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. आतल्या खोलीतून नुसत्या खोकल्यावरून ती ओळखायची, कोण खोकतंय आणि खोटं कोण खोकतंय.

वर्षभराने तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं आणि माझा संयम संपला. एका दुपारी मी समोर गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी समजुतीच्या आवाजात सुरुवात केली. वय चाळिशीला आलंय, अंगात रक्त नाही, या नऊ जणांना तुझ्याशिवाय कोण आहे, असं बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "बाई, तुमाला एकच का वो?"

मी माझी कारणं सांगितली. नोकरी, घर, मुलाचं शिक्षण. ती मान हलवत होती.

"बराबर हाय तुमचं. तुमाला तेवढं जमलं. मला ह्ये जमतं."

आणि मेथीची काडी मोडत, अगदी मायेने, ती पुढे म्हणाली, "तुमच्या पोराला सुट्टी लागली की त्यो गॅलरीत एकटाच बसतो. मला लई वाईट वाटतं त्याचं."

मी उठून घरी आले. पुढे कित्येक महिने तिच्याशी बोलले नाही. माझ्या मुलाची कुणाला कीव वाटू शकते, ही गोष्ट मला सहनच होईना. माझ्याइतकाच ठाम निकाल तिनेही आमच्या घराबद्दल दिलेला होता, फक्त ती तो बोळभर सांगत फिरत नव्हती, हे मला फार उशिरा सुचलं.

मार्चमधल्या एका दुपारी थोरली धावत आली. आईला कळा सुरू झाल्या होत्या आणि बाप हैदराबादला होता. अबोला बाजूला ठेवून मी रिक्षा बोलावली. रिक्षात ती माझा दंड घट्ट धरून बसली होती, पण बोलत होती ते पोरांबद्दल. तिसऱ्याला ताप होता, त्याला भात नको, पेज द्या.

सरकारी दवाखान्यात नर्सने कागद भरायला घेतला आणि कितवं म्हणून विचारलं. तिने सांगितलं. नर्सचा हात थांबला.

"दहावं? लाज कशी वाटत नाही गं तुला?"

 तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, मी सोबत आहे ना एवढंच तिने पाहिलं. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. काही महिन्यांपूर्वी मेथीच्या जुडीशेजारी बसून मी वेगळं काय बोलले होते? माझी भाषा जरा शाळेतली होती, इतकंच. मी नर्सला म्हटलं, सिस्टर, आधी तपासा, बाकीचं नंतर.

तासाभरात मुलगी झाली. आणि मग रक्त थांबेना. डॉक्टर आत-बाहेर करू लागले. माझ्यापुढे सहीचा कागद आला. नात्याच्या रकान्यात मी शेजारी असं लिहिलं. नातेवाईकच पाहिजे म्हणाले, तेव्हा खोडून बहीण लिहिलं.  नवरा कोर्टातून थेट आला आणि त्याने रक्त दिलं. पिशवी हातात घेऊन वॉर्डबॉय जिन्याने पळाला तो अजून डोळ्यांपुढे आहे.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, रक्त थांबलंय, पण सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. नवरा तिथे थांबला आणि मी पोरांकडे आले. रडारड असेल, त्यांना कसं सांगायचं, याची तयारी करतच मी उंबऱ्यात पाय ठेवला. मुलगी झाल्याचा निरोप मी दुपारीच धाडला होता. आत भात झालेला होता. तापाचा पोरगा पेज पीत होता. सगळे भिंतीला टेकून ताटांपुढे बसले होते. रोज जेवणाआधी त्यांची मोजणी व्हायची, कुणी बाहेर राहू नये म्हणून. थोरली म्हणाली, "एक." मग दोन, तीन, चार करत आवाज भिंतीकडेने सरकला. नऊ म्हणायला धाकट्याला कोपराने ढोसावं लागलं. जेवायला सुरुवात होणार तोच झाकणं लावणारी मुलगी "दहा" म्हणाली आणि सगळे तिच्याकडे बघू लागले.

"तिला अजून बोलता येत न्हाय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. दवाखान्यात जन्मून तीन तास झालेल्या, त्यांच्यातल्या कुणीही न पाहिलेल्या मुलीची जागा त्या भिंतीपाशी झाली होती.  थोरलीने मला ताट वाढलं. मी त्यांच्यात बसून जेवले.

नंतर भांडी घासताना थोरली मला हळूच म्हणाली, "बाई, मी लगीन केलं तर एकच करनार. न्हायतर एकबी न्हाय. मी लई पोरं सांभाळलीत."

हे वाक्य त्या घरातून ऐकायला मी वर्षभर टपून होते. आता ते मिळालं तर त्याचा आनंद होईना. सतरा वर्षांची पोर, हात राखेने भरलेले. तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. ताट पालथं घालत तीच म्हणाली, "पन ह्यातलं एक कमी कर म्हनलं, तर कुनाला करू?"

सकाळी पोरांची आई शुद्धीवर होती. पुढे आठवड्याने डॉक्टरांनी तिला समजावून ऑपरेशन केलं, पुन्हा दिवस राहिले तर वाचणार नाहीस म्हणून. तिने स्वतःच सही केली. मी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"बरंच केलं त्यांनी. कळतंय मला," ती म्हणाली. "पन दार लागलं की वो, बाई."

ज्या ऑपरेशनचे फायदे मी वर्गात तोंडपाठ सांगायचे, त्यापायी कुणी असं रडेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी काही समजावायला गेले नाही. तिचा हात धरून बसले. तिच्या कुशीत दहावी झोपलेली होती, मूठभर, काळ्याभोर केसांची.

पुढे दोन वर्षांनी ती मंडळी वैरागला गेली, मोठ्या अंगणाच्या घरात. दहा मुलं असावीत असं मला आजही वाटत नाही. थोरली पुण्यात नोकरी करते आणि लग्नाचं नाव काढू देत नाही, त्यामागे काय आहे ते मला ठाऊक आहे आणि तिच्या आईलाही. पण आता कुणाच्या दारातून पोरं बाहेर येताना दिसली की माझी जीभ आपोआप थांबते.

गेल्या दिवाळीत मी वैरागला गेले. पाचजण घरात होते, बाकीचे यायचे होते. दहावी आता सात वर्षांची आहे. ती मला एकटक न्याहाळत होती. तुमच्या घरात किती माणसं, असं तिने विचारलं. मुलगा आता बंगलोरला, म्हणून मी म्हटलं, दोन.

तिने बराच विचार केला. "मग तुमी भांडता कुनासंगं?"

तिची आई आतून हसली. मीही हसले आणि खरं ते सांगितलं, की आम्ही आता फारसं भांडत नाही. पोरीला ते काही पटलं नाही. तिने माझं बोट धरलं आणि मला मागच्या अंगणात नेलं. तिथे तिची भावंडं बोरीखाली भांडत होती. मी तिथेच दगडावर बसले आणि अंधार पडेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.