पत्रकात न मावलेला गवंडी

"स्टेशनबाहेर वाटतेस ती पत्रकं तू स्वतः लिहितेस?"

घरमालकीण बाईंनी असं विचारलं तेव्हा मला वाटलं, आता खोली सोडायला सांगणार. २००७ चा सप्टेंबर होता. इराकमधलं युद्ध थांबवा म्हणणारी पत्रकं मी मॅनहॅटनची गाडी पकडायला धावणाऱ्या माणसांच्या हातात कोंबत असे, आणि ती माणसं पुढच्याच कचऱ्याच्या डब्यात ती टाकत असत. मी हो म्हणाले.

"मग माझ्या अंकलवर एक लिहून दे. इंग्रजीत. एकच पान."

बाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. तरुणपणी स्पेनमधून आलेल्या, सगळी हयात शिवणाच्या कारखान्यात गेलेली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. जर्सी सिटीतल्या एका जुन्या गल्लीत त्यांचं अरुंद घर होतं. खाली त्या, वरच्या खोलीत मी. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवसभर लॅबमध्ये यंत्रांशी काम, घरी आल्यावर कोणी नाही. काही दिवस असे जात की माझा स्वतःचा आवाज मी फक्त 'एक्सक्यूज मी' म्हणताना ऐकायचे. रविवारी मात्र चर्चमधून आल्यावर बाई बटाट्याचा आणि अंड्यांचा जाड पोळा करायच्या आणि जिन्याखालून हाक मारायच्या, "हिहा!" हिहा म्हणजे मुली. मी त्यांना सेन्योरा म्हणायची. आठवड्यातलं माझं खरं जेवण ते एवढंच.

"अंकल म्हणजे काका की मामा?" मी विचारलं.

"आईचा भाऊ."

"म्हणजे मामा."

"तुमच्यात दोन वेगळे शब्द आहेत? चांगलं आहे. प्रेम कुठल्या बाजूचं ते कळतं."

त्यांचा मामा एका लहान गावाचा पाद्री होता. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा गावातल्याच माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. आता त्या युद्धात मारल्या गेलेल्या शेकडो पाद्र्यांना आणि नन्सना रोममध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हुतात्मे म्हणून 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करणार होते, आणि यादीत मामाचं नाव होतं. त्या रविवारी बाईंच्या चर्चमध्येही खास मिसा, म्हणजे सामूहिक उपासना होती. चर्चच्या कमिटीने त्यांच्याकडे मामाच्या आयुष्यावर एक पान मागितलं होतं.

मी नाही म्हणायला हवं होतं. ते युद्ध मला पाठ होतं. नागपुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं छपाईचं ट्रेडल मशीन होतं, आणि मी अंकलिपीआधी प्रूफं वाचायला शिकले. मोर्चांची पत्रकं, धम्मचक्र दिनाची पत्रकं, आणि बाबांच्या कॉम्रेड मित्रांनी छापून घेतलेल्या पुस्तिका. त्यांतल्या एकीत स्पेनचे शेतमजूर होते, बंदुका घेतलेले, गळ्यात रुमाल बांधलेले. ती आमची माणसं होती. पाद्री समोरच्या बाजूला होते, जमीनदारांच्या शेजारी. पण बाईंनी पोळ्याचा मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला होता, आणि गेल्या वर्षभरात कोणी मला काही लिहून दे असं म्हटलं नव्हतं.

पहिला खर्डा मी तीन दिवसांत दिला. मामाने गावातल्या मुलींना वाचायला शिकवलं, दुष्काळात चर्चचं धान्य वाटलं, युद्धात त्याचा बळी गेला. बाईंनी बोट ठेवत ठेवत वाचलं आणि चष्मा काढला.

"कोणी मारलं ते नाही."

"पान पुरलं नाही."

"पान अर्धं रिकामं आहे, हिहा."

माझे कान तापले. बाबांचा नियम होता: मारणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत. नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, शोकसंदेश. मी आयुष्यात प्रथमच ते नाव गाळलं होतं, कारण मारणारे माझे होते.

"माझ्या मामाने त्याला माफ केलं," बाई म्हणाल्या. "कोणाला, ते लिहिलं नाहीस तर माफ केलं कोणाला? हवेला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दहा वर्षांच्या होत्या. गळ्यात लाल-काळे रुमाल बांधलेली पाच माणसं दुपारी जेवणाच्या वेळी आली. पुढे होता गावचा गवंडी. चर्चच्या घंटेचा मनोरा त्यानेच दुरुस्त केला होता. वर्षभरापूर्वी त्याची मुलगी जन्मल्यावर काही तासांत गेली. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून मामाने तिला चर्चच्या दफनभूमीत जागा दिली नाही. गवंड्याने तिला द्राक्षमळ्याच्या बांधापाशी पुरलं आणि भोवती दगडांचं कुंपण रचलं. ते न्यायला आले तेव्हा मामा जेवणावरून उठला आणि गवंड्याला म्हणाला, "तुझ्या मुलीच्या बाबतीत मी चुकलो. नियम होता, पण मी चुकलो. मी तुला क्षमा करतो, तूही मला कर." नदीच्या भिंतीपाशी नेऊन त्यांनी मामाला मारलं. अडीच वर्षांनी दुसरी बाजू जिंकली आणि गवंड्याला त्याच भिंतीपाशी उभं केलं. त्याच्या बायकोचं डोकं भादरून तिला गावातून फिरवलं.

"तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो," बाई म्हणाल्या. "माझी आईसुद्धा."

मी वर आले आणि जेवले नाही. बाबांच्या गावात आमचं मसणवट वेगळं होतं, ओढ्याच्या खालच्या अंगाला. मेलेल्याला जागा नाकारणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. गवंड्याचा राग मला माझ्याच अंगातला वाटत होता. पण चूक कबूल करून उठलेला माणूस मी कुठल्याही पुस्तिकेत वाचला नव्हता.

शनिवारी कॉलिंग कार्डावरून बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"पाद्र्याचं पत्रक?" बाबा म्हणाले. "तुले समजते का काही? यासाठी शिकवलं का तुले?"

"त्याने चूक कबूल केली, बाबा."

"बंदूक पाहून सारेच कबूल करतात."

"मारणार हे तर ठरलेलंच होतं. सुटावं म्हणून तो बोलला नाही."

बाबांनी पलीकडे पंखा बंद केला. "पोरगी पुरली कुठं म्हणतेस?"

"बांधाच्या कडेला."

"हं," बाबा म्हणाले. "तरी पाद्री तो पाद्रीच." आणि त्यांनी फोन आईकडे दिला. पुढचे दोन शनिवार फोन आईनेच उचलला.

ऑक्टोबरात वेस्ट विंडसरला आमच्या लोकांचा धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, मग बेसमेंटमध्ये जेवण. नागपूरच्या कॉलेजातला माझा एक मित्र तिथे भेटला. त्याला मी हे सांगितलं, कोणाला तरी सांगायला हवंच होतं.

"काय यार," तो भाताची प्लेट सावरत म्हणाला, "आज पाद्र्याचं पॅम्फ्लेट, पुढच्या वर्षी येशूचा पाळणा म्हणशील."

सगळे हसले. मीही हसले. यजमान काकूंनी डब्यात वरण भरून दिलं आणि म्हणाल्या, "एकटी राहतेस ना, म्हणून असं होतं. इकडे येत जा." परतीच्या ट्रेनमध्ये डबा मांडीवर धरून मी दुसरा खर्डा लिहिला. गवंड्याचं नाव, मुलीची कबर, मामाचे शब्द, गवंड्याचा शेवट. सगळं.

बाईंनी तो दोनदा वाचला आणि कमिटीकडे नेला. आठवड्याने पान परत आलं. दोन परिच्छेदांवर लाल पेन मारलेला: मुलीच्या कबरीचा आणि गवंड्याच्या शेवटाचा. समासात नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'या प्रसंगी योग्य नाही.' गवंड्याच्या नावाऐवजी 'देव न मानणारे लोक.'

मी पेटले. "आपण पूर्ण छापू. लॅबचा कॉपियर आहे. मी चर्चच्या दारात उभी राहून वाटते."

"मिसाच्या दिवशी दारात भांडण नको."

"मग हेच छापू द्यायचं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "काहीच छापायचं नाही."

खास मिसाच्या रविवारी मी पहिल्यांदा आणि शेवटचं चर्चमध्ये गेले, मागच्या बाकावर बसले. मिसा संपल्यावर नातेवाईक म्हणून बाईंना दोन शब्द बोलायला बोलावलं. त्या काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या आणि स्पॅनिशमध्ये बराच वेळ बोलल्या. मला त्यांतलं गवंड्याचं नाव तेवढं कळलं. ते त्यांनी तीनदा घेतलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईने मान खाली घातली, दुसरी उठून बाहेर गेली. टाळ्या झाल्या नाहीत. फादरांनी घाईने प्रार्थना सुरू केली.

हॉलमध्ये कॉफी होती. बाई कप घेऊन एका टेबलाशी बसल्या. त्या टेबलावर दुसरं कोणी आलं नाही. मी समोर जाऊन बसले.

"नीट सांगितलंत का?" मी विचारलं.

"एक गोष्ट राहिली. आम्ही बघायला गेलो होतो, ते. तेवढं धाडस झालं नाही."

त्यांना दर रविवारी गाडीतून न्यायला येणारी एक मैत्रीण होती. पुढच्या रविवारी ती आली नाही. बाई कोट घालून खिडकीशी बसून राहिल्या, मग त्यांनी मला हाक मारली. आम्ही नऊ चौक चालत गेलो, मध्ये दोनदा थांबलो. चर्चच्या पायऱ्यांशी त्यांनी माझा हात सोडला.

"आत ऊब आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"बाबा रागावतील?"

"बाबांमुळे नाही, सेन्योरा. आत न येणं माझंच आहे."

कठडा धरून एकेक पायरी चढत त्या आत गेल्या. मी समोरच्या फुटपाथवर थांबले. तासाभराने लोक घोळक्याने बाहेर आले, गाड्यांत बसून गेले. दार बंद व्हायच्या बेतात असताना बाई बाहेर आल्या. मी रस्ता ओलांडून त्यांना घ्यायला गेले.