हिराजी मामाचा मान

गाण्याचं मिक्सिंगसुद्धा झालं नव्हतं आणि खालच्या मोबाइलवाल्याच्या स्पीकरवर ते दणक्यात वाजत होतं.

मी रेकॉर्डिस्ट. भाईंदर पश्चिमेला एका फरसाणाच्या दुकानावर माझा छोटा स्टुडिओ आहे. मिक्सिंग म्हणजे आवाज, ढोलकी, बेंजो ही सगळी मंडळी एकमेकांच्या मापात बसवणं. ते व्हायच्या आधी जे कच्चं गाणं आम्ही गायकाला ऐकायला पाठवतो, त्याला रफ मिक्स म्हणतात. खाली तेच वाजत होतं. मी जिना उतरून गेले.

"भैया, ये गाना कहाँ से आया?"

"नया है मॅडम, एकदम हिट. आपको चाहिए? फ्री में डाल देता हूँ."

माझंच गाणं मला फुकट. एवढं औदार्य माझ्या सासरीही कुणी दाखवलं नव्हतं.

गाणं होतं राई गावच्या यमुनाताईंचं. हळदीची गाणी म्हणण्यात या पट्ट्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांची स्वतःची गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची पार्टी आहे. त्यात गजानन बेंजो वाजवतो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. ते सुरू झालं की हळदीच्या मांडवात बसलेली माणसं बसलेली राहत नाहीत.

मी यमुनाताईंना फोन लावला. "गाणं कुणाला पाठवलंत का?"

"कोनाला न्हाय. फकस्त बहिनीला."

बहिणीने जावेला पाठवलं, जावेने भाच्याला, भाच्याने डीजेंच्या ग्रुपवर. तिथून ते कुठल्याशा फ्री डाउनलोडच्या साइटवर गेलं. मी त्या साइटला मेल केला. एक लिंक गेली, दोन नव्या आल्या.

सीझन संपत आला तेव्हा यमुनाताई स्टुडिओत आल्या. मला वाटलं, चिडल्या असतील. त्या हसत होत्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"आता लोक मना हलदीला बोलवतान मॅडम, पर जेवाला. डीजे माझा गानं लावतो. सगली बोलतान, यमुनाताय, तुमचाच गानं हाय, नाचा! मी आपले गान्यावर नाचतंय, जेवतंय न् घरा येतंय."

"आणि गजानन?"

"पूनम सागर सोसायटीला वॉचमन झाला. ये शिजनला बोलावनं न्हाय आला तं पार्टी मोडली. बेंजो इकाला काढलाय त्याने."

हे ऐकून माझं डोकं सणकलं. गजाननचा बेंजो मी पंधराएक वर्षं रेकॉर्ड करतेय. असा हात पुन्हा मिळत नाही. लोकांना वाटतं, एक गाणं फुकट उतरवलं तर कुणाचं काय जातं? गजाननचं हे जात होतं.

पण नुसतं चिडून चोर सापडत नाही. आणि इथे तर चोर म्हणजे अख्खा तालुका. तेव्हा मी जरा वाकड्यात शिरायचं ठरवलं.

इकडच्या हळदीत एक रीत आहे. गाण्यात नावं घ्यावी लागतात. नवरदेवाचं तर घेतातच, पण खरा मान मामाचा. मामाचं नाव गाण्यात आलं की मामा खुलतो, उठून नाचतो. नाव राहिलं तर पुढचे सगळे विधी मामाच्या तोंडाकडे बघून उरकावे लागतात. रेकॉर्ड करताना आम्ही नावाची जागा मोकळी ठेवायचो, तिथे नुसती ढोलकी. म्हणजे गाणं कुणाच्याही घरी चालावं. डीजे त्या जागी माइकवर ओरडून नाव घ्यायचा आणि काम भागायचं. थोडक्यात, चोरांची सोय आम्हीच करून ठेवली होती.

"यमुनाताई, नवीन गाण्यात मामाचं नाव घालायचं. पक्कं."

"कोनाचे मामाचा?"

"कुणाचाही चालेल. फक्त एकच मामा, सगळ्यांसाठी."

 त्यांच्या डोळ्यांत जे काही चमकलं, ते बघून मला आमच्या दोघींची जरा भीतीच वाटली.

"माझा भाव हाय ना, हिराजी! त्याचे नावान कोनी कवा गानं केला न्हाय."

गाणं झालं. ध्रुवपदात हिराजी मामाचा मान मोठा, प्रत्येक कडव्यात हिराजी मामा. वर कोरसलाही तेच म्हणायला लावलं. गजानन सुट्टी टाकून आला आणि असा वाजवून गेला की गाणं ऐकल्यावर दुसरं कुणी मागणार नाही. मी प्रत्येक हिराजीवर ढोलकीची थाप आणि बेंजोचा तुकडा चढवला. कापायला कात्री शिरेल एवढीही फट ठेवली नाही.

मग रफ मिक्स यमुनाताईंना व्हॉट्सअ‍ॅप केला. खाली लिहिलं, 'कृपया कुणालाही पाठवू नये.' गोष्ट लवकर पसरवायची असेल तर याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. संध्याकाळी चहाला उतरले तेव्हा मोबाइलवाला हिराजी मामावर मान डोलवत होता.

लग्नाचा पुढचा सीझन सुरू झाला आणि एका सकाळी डीजे बंटी माझ्या दारात. भाईंदरमधल्या निम्म्या हळदी याच्याच स्पीकरवर चालतात. हातात पेन ड्राइव्ह, चेहरा उतरलेला.

"मॅडम, एक छोटंसं काम होतं. या गाण्यातला हिराजी काढून सुरेश टाकायचाय."

"गाणं कुठून आणलंस?"

"नेटवरून. फ्री होतं."

"मग नेटलाच सांग."

"मॅडम, मस्करी नको ना! परवा मुर्ध्याला वाजवलं. मामा उठला आणि मांडवाच्या दारात पाठ करून बसला. हळद लावून घेईना. नवरदेवाचा बाप माझ्या अंगावर आला. हिराजी कोण, तुझा बाप काय, म्हणतो!"

"मग हे वाजवू नकोस. दुसरं लाव."

"पब्लिकला हेच पाहिजे! आता रविवारी मोर्व्याला हळद आहे. तिथले सुरेश मामा तर नुसते पेटलेले असतात."

"एआयने करून बघ. हल्ली होतं म्हणे."

"केलं ना. पण तो सुरेश मामा असं बोलतो, जसा काय बँकेतून फोन आलाय."

मी मोठ्या मुश्किलीने चेहरा सरळ ठेवला. म्हटलं, "हे बघ, मी जुळवाजुळव करू शकते. पण सुरेश म्हणायला आवाज लागणार, आणि तो आवाज राईला राहतो."

त्याच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला. यमुनाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी कशाला रेकॉर्ड करू? मांडवान येतंय न् नाव घेतंय. पर गजाचा बेंजो पायजे. पुरी पार्टी पायजे."

"ताई, बेंजो ट्रॅकमध्ये आहे ना," बंटी कळवळला.

"तो हिराजीचा बेंजो. सुरेश मामाला दुसऱ्याचे मामाचा बेंजो लावतोस? सांगू का त्याला?"

बंटीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"या," तो म्हणाला. "सगळेच या."

रविवारी मी मुद्दाम मोर्व्याला गेले. गजानन ड्यूटीवरून थेट आला होता, वॉचमनचा शर्ट पिशवीत कोंबून. यमुनाताईंनी आधी नवरदेवाला घेतलं, मग आवाज चढवून सुरेश मामाला. मामा आधी ताठ बसले होते. दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा उठले. तिसऱ्यांदा आलं तेव्हा ते गजाननसमोर उभे राहून डोळे पुसत नाचत होते. मग धाकटे मामा पुढे आले, मग काका, मग आत्याचे यजमान. आपलं नाव झाल्याशिवाय कुणी हलेना. बंटीचे स्पीकर गप्प होते आणि बंटी स्वतः नाचत होता. 

त्यानंतर आणखी काही मांडवांत मामा रुसले आणि पार्टीला बोलावणी येत राहिली. बंटी आता हळद ठरली की आधी यमुनाताईंची तारीख विचारतो. यमुनाताईंच्या भावाला, हिराजीला, अनोळखी लोक रस्त्यात थांबवून फोटो काढतात. त्याला अजून पुरतं कळलेलं नाही, आणि आम्ही सांगितलेलंही नाही. गजाननने बेंजो विकला नाही. वॉचमनची नोकरीही सोडलेली नाही. एका सीझनवर भरवसा ठेवायला तो काही खुळा नाही.

चोरी थांबली का? छे. ते गाणं आजही धडाधड उतरवलं जातं. पण माझ्याकडे कुणी नवा गायक आला की मी त्याला रेकॉर्डिंगच्या आधीच सांगते, गाण्यात एक जागा अशी ठेव, की ती भरायला लोकांना तुझ्याच दारात यावं लागेल. बाकीचं गाणं लोक नेणारच आहेत, ते मन लावून गा.